काल संध्याकाळी भावाला नेलं, ठाण्यात म्हणतात 'आमच्याकडे नाही'

प्रश्न थोडक्यात असा. लातूर जिल्ह्यातल्या एका ताईंचा धाकटा भाऊ, वय २४, चाकणला एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. काल संध्याकाळी सहाच्या सुमारास साध्या वेशातल्या तिघांनी त्याला खोलीवरून 'जरा चौकशीला चल' म्हणत गाडीत बसवून नेलं. तेव्हापासून फोन बंद. खोलीतला जोडीदार एका पोलीस ठाण्यात विचारून आला. 'आमच्याकडे असा कोणी नाही' असं सांगून त्याला परत पाठवलं. ताई विचारतात, आता त्याला शोधायचं कुठे?

ताई, मी पुणे जिल्ह्यात तेवीस वर्षं फौजदारी वकिली करते. 'आमच्याकडे नाही' हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की त्याचे पाच-सहा अर्थ मला पाठ झालेत. खोटं बोलणं हा त्यातला एक. बाकीचे अर्थ खरे असतात आणि ते आधी तपासले तर पायपीट निम्मी वाचते.

पण ते सांगण्याआधी एक काम करा, हे वाचता वाचताच. एक ईमेल पाठवा. मजकूर खाली देते, नावं आणि तपशील तुमचे घाला:

'प्रति, मा. पोलीस आयुक्त, पिंपरी-चिंचवड. विषय : भावाला ताब्यात घेतल्याबाबत माहिती मिळणेबाबत. महोदय, माझा भाऊ (पूर्ण नाव, वय, मूळ गाव) यास काल दिनांक अमुक रोजी सायंकाळी ६ वाजण्याच्या सुमारास (खोलीचा पूर्ण पत्ता) येथून साध्या वेशातील तीन इसमांनी चौकशीला चल असे सांगून चारचाकी वाहनातून नेले आहे. तेव्हापासून त्याचा ठावठिकाणा नाही. त्या वेळी खोलीवर हजर असलेला साक्षीदार अमुक. त्यास अटक केली असल्यास गुन्हा रजिस्टर क्रमांक, अटकेची वेळ व सध्याचे ठिकाण कळवावे. अटक केली नसल्यास तसे लेखी कळवावे. संबंधित ठाण्यांतील कालपासूनचे सीसीटीव्ही चित्रण जतन करावे.'

त्याला दमा, फिट, मधुमेह असं काही असेल तर औषधाच्या नावासकट लिहा. गाडीचा नंबर किंवा नुसता रंग जोडीदाराच्या लक्षात असेल तर तोही. हाच ईमेल पुणे ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांना आणि पुण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणालाही पाठवा.

ही घाई कशासाठी, ते सांगते. अटक केलेल्या माणसाला २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायला हवं, प्रवासाचा वेळ वगळून. राज्यघटनेच्या कलम २२ मध्ये हे आहे आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५८ मध्येही. (१ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी ही संहिता आली. जुन्या वकिलांच्या आणि हवालदारांच्या तोंडी अजून जुनेच आकडे असतात, गोंधळू नका.) हे घड्याळ नेमकं कधी सुरू होतं, त्यावर सगळी खेचाखेच असते. माणसाला उचलतात काल सहाला आणि कागदावर अटक दाखवतात आज दुपारी चारला. मधले बावीस तास 'तो चौकशीसाठी स्वतःहून बसला होता.' माणसाची हालचाल रोखली तिथूनच अटक धरायची, पंचनाम्यात किंवा मेमोत, म्हणजे अटकेच्या कागदावर, पडलेल्या वेळेपासून नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९९० साली एका कस्टम्सच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे. पण काल सहा ही वेळ कोर्टात दाखवणार कशी? तुमच्या ईमेलवर आज सकाळी आठची वेळ असेल आणि पोलिसांच्या मेमोवर दुपारी चारची, तर उत्तर पोलिसांना द्यावं लागतं. ईमेल नसेल तर खोलीतल्या जोडीदाराचा शब्द आणि त्यांचा शब्द, एवढंच उरतं. मी वकिली सुरू केली तेव्हा याच कामासाठी रात्री तार ऑफिसात पळायचो आणि आयुक्तांना तार करायचो. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली. ईमेल फुकट आहे आणि त्याला रांग नाही.

आता त्या 'आमच्याकडे नाही'कडे वळू.

पहिली शक्यता, त्याला दुसऱ्याच पथकाने नेलं असेल. चाकणचा भाग २०१८ पासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात आहे. शेजारी पुणे ग्रामीण, पलीकडे पुणे शहर. एकाच जिल्ह्यात ही तीन स्वतंत्र पोलीस दलं आणि तिघांचे नियंत्रण कक्ष वेगळे. त्यात आयुक्तालयाच्या गुन्हे शाखेची युनिटं, खंडणीविरोधी, दरोडाविरोधी, अमली पदार्थविरोधी पथकं वेगळी बसतात. ग्रामीणकडे एलसीबी, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखा. साध्या वेशातले तिघे आणि गाडी हे वर्णन मला तरी ठाण्याच्या डीबी (गुन्हे शोध) पथकाचं किंवा गुन्हे शाखेचं वाटतं. गुन्हे शाखेने उचललेला माणूस ज्या ठाण्याच्या हद्दीतून उचलला, त्या ठाण्याच्या अंमलदाराला तासन्‌तास माहीत नसतो. त्यामुळे एका ठाण्यात 'नाही' म्हटलं की शोध संपवायचा नाही. चाकण, म्हाळुंगे, आळंदी, तळेगाव एमआयडीसी या क्रमाने विचारायचं, आणि त्याआधी आयुक्तालयाच्या नियंत्रण कक्षाला.

नियंत्रण कक्षाला का, तर तिथे माहिती असणं हे कायद्याने बांधलेलं काम आहे. संहितेच्या कलम ३७ प्रमाणे जिल्ह्यात आणि प्रत्येक ठाण्यात, सहायक उपनिरीक्षकापेक्षा खालच्या हुद्द्याचा नाही असा एक अधिकारी नेमलेला असायला हवा. अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप ही माहिती त्याने ठेवायची आणि ती ठाण्यात ठळक दिसेल अशी लावायची. फलकावर गेल्या आठवड्याची नावं दिसतील, हे मी लिहून देते. पण 'कलम ३७ चे नामनिर्देशित अधिकारी कोण, त्यांच्याशी बोलायचंय' असं शांतपणे म्हटलं की समोरचा खुर्चीत थोडा सरळ होतो. ११२ वर फोन केला तर तुमच्या तक्रारीची वेळ नोंदली जाते, म्हणून तोही करा. मात्र ठावठिकाणा तिथून मिळेलच असं नाही.

दुसरी शक्यता, माणूस त्याच ठाण्याचा आहे पण त्या इमारतीत नाही. प्रत्येक ठाण्याला लॉकअप नसतं. असलं तरी ते भरलेलं किंवा दुरुस्तीला काढलेलं असतं. मग आरोपी शेजारच्या ठाण्याच्या कोठडीत ठेवतात आणि चौकशीपुरता आणतात. म्हणून 'तो इथे आहे का?' हा प्रश्नच अपुरा आहे. विचारायचं असं : 'तुमच्याकडच्या कुठल्या गुन्ह्यात या नावाच्या माणसाला ताब्यात घेतलंय का, आणि असेल तर ठेवलंय कुठे?' बाईमाणूस असेल तर हे आणखी लागू होतं. १९८३ मध्ये शीला बर्से या पत्रकार महिलेच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने मुंबईसाठी आदेश दिले. चार-पाच लॉकअप फक्त स्त्रियांसाठी निवडा, तिथे महिला शिपाईच पहाऱ्याला ठेवा, असं त्यात होतं. तेव्हापासून अटक करणारं ठाणं एकीकडे आणि महिला कोठडी दुसरीकडे, हे नेहमीचंच आहे.

तिसरी शक्यता नावाची. यात किती रात्री गेल्या, विचारू नका. सुरुवातीच्या दिवसांत मी एका आईबरोबर तीन ठाणी पालथी घातली होती. ती सगळीकडे 'बाळू आहे का हो?' म्हणून विचारत होती आणि रजिस्टरला ज्ञानेश्वर होता, पहिल्याच ठाण्यात. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव, वय, मूळ गाव एका कागदावर ठळक लिहून जोडीदाराच्या हातात द्या. आधारवर आहे तसं. सोबत फोटो. चाकण पट्ट्यात मराठवाड्यातली, विदर्भातली, बिहार-ओडिशाची हजारो पोरं राहतात. अंमलदार तोंडी सांगितलेलं नाव त्याच्या कानाने लिहितो.

चौथी शक्यता अशी की तो 'ताब्यात' आहे, 'अटक' नाही. ठाणे अंमलदार रजिस्टर बघून 'नाही' म्हणतो आणि ते अक्षरशः खरं असतं, कारण मेमो अजून लिहिलेलाच नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, कलम ३५(३) ची नोटीस देऊन बोलवायचं, असा नियम आहे. २०१४ च्या अर्णेश कुमार निकालापासून कोर्टं याबाबत कडक झाली आहेत. त्यामुळे 'नोटीस देऊन सोडू' असं म्हणत माणूस रात्रभर बाकावर बसवून ठेवायचा, हा मधला मार्ग काही ठिकाणी रुळलाय. नोटीसवर आलेला माणूस उठून घरी जाऊ शकतो. ज्याला जाता येत नाही तो अटकेतच आहे, कागद असो वा नसो. जोडीदाराने ठाण्यात हे भांडून सांगायची गरज नाही. लेखी अर्ज ठेवून त्याच्या प्रतीवर 'पोच' घ्यायची, एवढंच. पोच देत नसतील तर तिथे उभं राहूनच अर्जाचा फोटो ईमेलला जोडून पाठवायचा.

पाचवी शक्यता, तो पुणे जिल्ह्यातच नसेल. गावाकडच्या एखाद्या गुन्ह्यात लातूरचं पथक आलं असेल किंवा दुसऱ्या राज्याचं. बाहेरचं पथक आलं की स्थानिक ठाण्यात नोंद करणं अपेक्षित असतं, आणि लांब न्यायचं असेल तर इथल्या कोर्टातून ट्रान्झिट रिमांड, म्हणजे तिकडे नेण्याची परवानगी, घेतात. गावातल्या पोलीस पाटलांना आत्ता फोन करा. अटकेची खबर घरी पोहोचवायला पोलीस पुष्कळदा त्यांनाच सांगतात. तुमच्या घरी कोणी नव्हतं म्हणून निरोप पाटलांकडेच पडून असेल, असंही मी पाहिलंय. रेल्वेचाही विचार करा. एका मुलाला आम्ही दीड दिवस शहरभर शोधलं. तो रूळ ओलांडताना रेल्वे सुरक्षा दलाला सापडला होता. रेल्वेच्या मॅजिस्ट्रेटसमोर दंड भरायला पैसे नव्हते, एवढ्यावरून आत बसला होता. आरपीएफ आणि लोहमार्ग पोलीस ही दोन निराळी खाती आहेत. शहर पोलिसांच्या नियंत्रण कक्षाला त्यांची माहिती असेलच असं धरू नका. तुमच्या भावाला खोलीवरून नेलंय, म्हणून तुमच्यापुरतं हे शेवटी.

सहावी शक्यता बोलायला जड आहे, पण बोलायला हवी. ते तिघे पोलीस नसतील, किंवा सुटून येताना त्याला अपघात झाला असेल. म्हणून जोडीदाराने पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात आणि ससूनमध्ये एमएलसी रजिस्टरला (अपघात-मारहाणीसारख्या पोलीस प्रकरणांच्या नोंदवहीत) नाव विचारून यावं. आणि दुपारपर्यंत कुणीच काही कबूल करत नसेल तर खोली ज्या हद्दीत आहे त्या ठाण्यात मिसिंग द्या. मी हे मुद्दाम सांगते. हरवल्याची तक्रार आली की रजिस्टरला नंबर पडतो, सगळीकडे संदेश जातो, तपासाला एक अंमलदार नेमावा लागतो. पोलिसांकडेच असलेल्या माणसाची मिसिंग घ्यायला कुठलाही अधिकारी तयार नसतो. 'थांबा, थांबा, मिसिंग कशाला देताय' हे वाक्य ऐकू आलं की समजायचं, माणूस सापडला.

आता कोर्टाचं. पोलीस ठाण्यात अख्खा दिवस घालवण्यापेक्षा दुपारी कोर्टात असणं जास्त उपयोगी, असं माझं ठाम मत आहे. ठाण्यात माहिती देणं त्यांच्या मर्जीवर वाटतं, पण कोर्टात माणूसच आणावा लागतो. चाकणच्या गुन्ह्यांचं कोर्ट खेडला, म्हणजे राजगुरुनगरला आहे. पिंपरी किंवा शिवाजीनगरला नाही. इथेच बाहेरगावचे नातेवाईक हमखास चुकतात आणि शिवाजीनगरला जाऊन बसतात. रिमांडचे, म्हणजे कोठडीचा आदेश घेण्यासाठी आणायचे, आरोपी बहुतेक दुपारच्या सत्रात आणतात. त्याआधी सरकारी दवाखान्यात मेडिकल होतं, तिथे उशीर होतो. म्हणून कोणीतरी साडेबारापासून खेडला असावं. तिथे पैरवीचे, म्हणजे ठाण्याचं कोर्टातलं काम बघणारे, पोलीस असतात, त्यांच्याकडे आज येणाऱ्या रिमांडची यादी असते. नाव सांगून विचारा, बहुतेकदा सरळ सांगतात. रविवार किंवा दुसरा-चौथा शनिवार असेल तर सुट्टीचं कोर्ट कुठलं, मॅजिस्ट्रेट कोण, हे त्याच कोर्टाच्या आवारातल्या वकिलांना विचारा. सुट्टी म्हणून २४ तासांचे ४८ होत नाहीत.

तिथे वकील हवा. पैसे नसतील तरी हवा. जो माणूस कोठडीत आहे त्याला विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१०० आहे. जिल्ह्याला लोक अभिरक्षक कार्यालय आहे. तिथले वकील फक्त आरोपींचंच काम करतात आणि काही तर फी घेणाऱ्यांपेक्षा बरे आहेत, हे मी व्यवसायाशी गद्दारी करून सांगते. वकिलाला तीन गोष्टी सांगा : उचलल्याची खरी वेळ, ईमेलची प्रत, आजार. बाकी 'तो तसा नाहीये हो' हे नंतर.

वकील कोर्टात पहिल्यांदा काय बघेल ते तुम्हालाही माहीत असू द्या. अटकेचा मेमो हवा. त्यावर घरच्या माणसाची किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही आणि आरोपीची सही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू प्रकरणात ज्या अकरा सूचना दिल्या, त्यांतली ही एक. आता ती कलम ३६ मध्ये आहे. अटकेची खबर आरोपी सांगेल त्या नातेवाइकाला किंवा मित्राला दिली का, कुणाला दिली, याची ठाण्यातल्या नोंदवहीत नोंद हवी. ती झाल्याची खात्री मॅजिस्ट्रेटने करायची, हे कलम ४८. बसू निकालात तर असंही आहे की नातेवाईक दुसऱ्या जिल्ह्यात राहत असेल तर आठ ते बारा तासांत तिथल्या पोलीस ठाण्यामार्फत आणि विधी सेवा संस्थेमार्फत त्याला कळवायचं. तुम्ही लातूरला आहात, म्हणजे हे तुमच्यासाठीच लिहिलंय. अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला समजेल त्या भाषेत द्यायची, यावर सर्वोच्च न्यायालयाने अलीकडे फार जोर दिलाय. फेब्रुवारी २०२५ च्या विहान कुमार निकालात कारणं कळवली नाहीत म्हणून अटकच बेकायदा ठरवली. आणि घरच्यांना कळवण्याचा हेतूच हा की त्यांनी धावपळ करून त्याला सोडवायची तजवीज करावी, असंही त्यात म्हटलंय. त्यामुळे पोलिसांनी तुम्हाला काल रात्री एक फोन केला नाही, ही आज कोर्टात मांडायची बाब आहे.

मॅजिस्ट्रेट आरोपीला विचारतात, 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?' घाबरलेली पोरं मान हलवून 'नाही' म्हणतात, कारण आणणारा हवालदार मागेच उभा असतो. वकिलाने आधी दोन मिनिटं त्याच्याशी बोलून घेतलं तर तो कधी उचललं हे तरी सांगतो. तेवढं रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, आलं की पुरे.

गुन्हा काय आहे ते कळण्यासाठी एफआयआर लागेल. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशामुळे एफआयआर साधारण २४ तासांत संकेतस्थळावर टाकावा लागतो. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर ठाणं आणि तारीख टाकून बघता येतो. लैंगिक गुन्हे, दहशतवाद असे संवेदनशील प्रकार तिथे दिसत नाहीत. त्याच पोर्टलवर अटक आरोपींचीही सोय आहे, पण ती माहिती उशिरा चढते. ई-कोर्टच्या अ‍ॅपवर बहुतेक वेळा रिमांडच्या टप्प्यावर काही सापडत नाही, जामीन अर्ज पडला की सापडतं. तिथे एफआयआर क्रमांक टाकून शोधा, नावाने नको. नावाच्या स्पेलिंगचा तिथेही खेळ आहे.

रिमांडच्या आदेशानंतर ठावठिकाणा पक्का होतो. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी मिळाली तर तो तपासी अंमलदाराच्या ताब्यात. घरचा डबा, कपडे, औषध यांची परवानगी तिथल्या तिथे मॅजिस्ट्रेटकडून लेखी घ्या, नंतर ठाण्यात हात जोडायची वेळ येत नाही. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी झाली तर कारागृह. कुठलं, ते कोर्टाच्या वॉरंटवर लिहिलेलं असतं. इकडच्यांचं बहुधा येरवडा. संध्याकाळी कारागृहाची दारं बंद झाली की नवा कैदी आत घेत नाहीत. मग ती रात्र पुन्हा पोलीस लॉकअपमध्ये जाते. म्हणून त्याच रात्री येरवड्याच्या दारात जाऊन 'नाव नाही' ऐकलं तर हाय खाऊ नका. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाकत कक्षात आधार कार्ड घेऊन जा, त्याचा न्यायाधीन बंदी म्हणून पडलेला नंबर लिहून घ्या. पुढे मुलाकतीची नोंदणी ई-मुलाकातवर होते. लातूरहून येणाऱ्याला व्हिडिओवरची भेट सोयीची पडते.

इथे एक नवी अडचण सांगून ठेवते. पूर्वी पोलीस कोठडीचे पंधरा दिवस सुरुवातीलाच संपायचे. नव्या संहितेच्या कलम १८७ मध्ये ते पंधरा दिवस पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येतात. म्हणजे येरवड्यात पोहोचलेला माणूस महिन्याने पुन्हा पोलिसांच्या ताब्यात असू शकतो. किंवा दुसऱ्या ठाण्याने दुसऱ्या गुन्ह्यात प्रॉडक्शन वॉरंटवर (कैद्याला हजर करण्याच्या कोर्टाच्या हुकमावर) नेलेला असू शकतो. गर्दीमुळे दुसऱ्या कारागृहात बदलीही होते. मुलाकतीला गेल्यावर 'इथे नाही' म्हणाले तर लगेच विचारा : 'कुठल्या वॉरंटवर बाहेर गेला?' हालचालीची नोंद कारागृहाच्या दारावर असते.

दोन प्रकारांत हा सगळा रस्ता वेगळा होतो. मुलगा अठराच्या आतला असेल तर लॉकअप आणि कारागृह दोन्ही वर्ज्य. त्याला बाल न्याय मंडळासमोर नेतात आणि निरीक्षणगृहात ठेवतात, पुण्यात ते येरवड्यातच आहे. तेव्हा वयाचा दाखला, शाळा सोडल्याचा असेल तर उत्तम, पहिल्या तासात पोहोचवा. पोलीस दिसण्यावरून एकोणीस लिहून मोकळे होतात. दुसरा प्रकार प्रतिबंधक कारवाईचा. कलम १७० खाली सणासुदीला, निवडणुकीला पोरं उचलतात. त्याला एफआयआर नसतो आणि त्याची मुदत चोवीस तासांची. पुढे 'चॅप्टर', म्हणजे चांगल्या वर्तणुकीचा बाँड घेण्याची कारवाई, चालते ती कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे. आयुक्तालयात तो सहायक पोलीस आयुक्तच असतो, म्हणून खेडच्या कोर्टात शोधून उपयोग नाही. एमपीडीए, म्हणजे धोकादायक गुन्हेगारांना खटल्याविना स्थानबद्ध करण्याचा कायदा, लागला असेल तर मॅजिस्ट्रेटसमोर नेण्याचा नियमच लागू नाही आणि माणूस थेट नागपूर किंवा अमरावतीच्या कारागृहात असू शकतो. तुमच्या भावाच्या नावावर आधी काही नसेल तर हे डोक्यातून काढून टाका.

आज संध्याकाळपर्यंत तो ना ठाण्यात ना कोर्टात ना दवाखान्यात, असं झालं तर दोन दरवाजे आहेत. एक, खेडच्याच मॅजिस्ट्रेटकडे कलम १०० चा अर्ज. बेकायदा कोंडून ठेवलेल्या माणसाचा शोध घेण्यासाठी ते वॉरंट काढू शकतात. दुसरा, उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पस, म्हणजे कोंडलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा अशी याचिका. तुम्ही लातूरच्या म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाकडे धाव घ्याल, पण घटना पुणे जिल्ह्यातली आहे, याचिका मुंबईला. तिची प्रत सरकारी वकिलांच्या कार्यालयात पोहोचली की पोलिसांकडे विचारणा जाते, आणि पुष्कळदा सुनावणीच्या आधीच माणूस कुठल्याशा ठाण्यात 'आज पहाटे अटक' म्हणून उगवतो. मग तुमचा ईमेल बाहेर काढायचा. मात्र एकदा मॅजिस्ट्रेटने रिमांड दिला की हेबिअस कॉर्पसचा जोर ओसरतो, तिथून पुढे जामिनाची वाट.

पैशाबद्दल. अटकेची माहिती, भेट, एफआयआरची प्रत यांपैकी कशालाही फी नाही. 'साहेबांशी बोललोय, तीस हजारांत नोटीसवर सोडतात' म्हणणारा कोणीतरी आज तुम्हाला गाठेलच. कदाचित गावचाच असेल. एका बाईंनी अशाच माणसाला मंगळसूत्र मोडून पैसे दिले. त्यांचा मुलगा तोवर कोर्टातून सुटून स्वारगेटला पोहोचला होता. कोर्टात भरलेल्या पैशाची पावती मिळते, पावती नाही तिथे पैसे नाहीत. आणि व्हिडिओ कॉलवर वर्दीतला कोणी 'भाऊ आमच्या ताब्यात आहे, ट्रान्सफर करा' म्हणाला तर फोन ठेवा. नगरसेवकाच्या, आमदाराच्या माणसाकडून चौकशी करायला माझी हरकत नाही, ठावठिकाणा कधीकधी तिथून लवकर कळतो. पण त्यांच्या भरवशावर दुपारचं कोर्ट चुकवू नका.

जोडीदाराला सांगा, खोली आहे तशी ठेव, भावाचा मोबाइल, बॅग, कपडे इकडेतिकडे करू नकोस, आणि फेसबुकवर काही टाकू नकोस. मालकाकडून किंवा समोरच्या दुकानातून काल सहाचं कॅमेऱ्याचं चित्रण आजच मागून घे. घरगुती कॅमेऱ्यांवर ते चार-आठ दिवसांत पुसलं जातं.

तुम्ही स्वतः लातूरहून निघणार असाल तर सोबत तुमचं आणि त्याचं आधार, रेशनकार्ड, शाळेचा दाखला, औषधाची चिठ्ठी, आणि जामीनदार राहू शकेल अशा एखाद्या नातेवाइकाचा सातबारा किंवा घरपट्टीची पावती घ्या. एक जोड सुती कपडे आणि टॉवेल घ्या, नाडीची पँट नको, लॉकअपमध्ये नाडी काढून घेतात. पुण्यात स्वारगेटला न उतरता शिवाजीनगरला किंवा नाशिक फाट्याला उतरा. तिथून राजगुरुनगरची गाडी मिळते.